बिलच्या आईकडे काळं झालंय

आमच्या विनलो गावात पश्चिमेकडून ढग चढायला लागला की कोणी 'ढग आला' असं म्हणत नाही. म्हणतात, 'बिलच्या आईकडे काळं झालंय.' मग दोरीवरचे कपडे काढायचे, मेंढरांकडे एक नजर टाकायची, आणि ज्याचं छप्पर गळतं त्याने बादली शोधायची. डर्बीशायरमध्ये सगळीकडेच असं म्हणतात. शेजारच्या परगण्यांतही म्हणतात. हा बिल कोण आणि त्याची आई कुठली, हे मात्र कोणालाच ठाऊक नाही. प्रत्येक गावाला वाटतं, ती आपल्याच पश्चिमेला राहते.

आमची बोलीच तशी आहे. आम्ही माणसाला 'बदका' म्हणतो. बापाला, बायकोला, बँकेतल्या साहेबाला, तिकीट तपासायला आलेल्या अनोळखी माणसाला. तळ्यावरच्या बदकांनाही बदकाच म्हणतो, पण त्यांना त्याचं विशेष वाटत नाही. आणि आश्चर्य वाटलं की म्हणायचं, 'आता मी जाते जिन्याच्या पायथ्याशी.' माझी आई हेस्टर फ्रॉगट हे वाक्य दूधवाल्याने दोन मिनिटं उशीर केला तरी म्हणते. आमच्या घराला जिना नाही. लहानपणी मी तिला विचारलं होतं, खरंच जायची वेळ आली तर कुठे जाणार? ती म्हणाली, आधी तेवढं आश्चर्य वाटू तर दे.

मी सेथ, तिचा मुलगा. 'झोपलेला मेंढा' या आमच्या गावच्या पबमध्ये मी ग्लास धुतो आणि पबची व्हॅन चालवतो. पबचा मालक जेथ्रो हीथकोट. जेथ्रोच्या मते बिल हा धुराडी साफ करणारा होता आणि घरी आला की आईच्या अंगणात कपडे झटकायचा, तेच ते काळं. आमच्या आईला हे मान्य नव्हतं. तिच्या मते बिल गाव सोडून गेला आणि परत फिरकलाच नाही, म्हणून त्याच्या आईचा चेहरा पडला आणि आकाशालाही तीच सवय लागली. माझं मत कोणी विचारलं नव्हतं, पण मला वाटायचं की आधी ढग असणार. मग तो कुठे आहे हे सांगायला एक घर लागलं. घरात बाई लागली. आणि बाई अगदीच एकटी बरी दिसेना, म्हणून बिल.

आमच्या पश्चिमेला टेकडीवर एकच घर आहे, चुनखडीच्या दगडांचं. माझ्या आठवणीत ते रिकामंच होतं. ढगाकडे बोट दाखवायचं तर बोट त्या घरावरच जायचं, त्यामुळे रिकामं असूनही ते कामात होतं.

मार्चमध्ये तिथे मिसेस डेकिन राहायला आली. नेल डेकिन. विधवा. स्टोकच्या एका लाँड्रीत तिने सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांचे शर्ट इस्त्री करण्यात घालवलं होतं. सामान म्हणजे चार खुर्च्या, एक पलंग आणि इस्त्रीचं टेबल. दुसऱ्या दिवशी ती दुकानात पाव घ्यायला आली, तेव्हा आमची आई रांगेत तिच्या पुढे होती. आईने वळून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं की टेकडीवरच्या त्या घरात आलात त्या तुम्हीच का. मिसेस डेकिन हो म्हणाली.

"म्हणजे तुम्ही बिलच्या आई," आमची आई म्हणाली.

मी तिथेच होतो, सरबताच्या बाटल्यांजवळ. मिसेस डेकिनने पिशवी खाली ठेवली. पावाकडे पाहिलं. दुकानातले सगळे गप्प झाले होते. विनलोत दुकानातले सगळे गप्प होतात ते फक्त राजघराण्यात कोणी गेलं तर.

"हो," ती म्हणाली.

आईला केवढं बरं वाटलं ते तिच्या खांद्यांवरून कळत होतं. कित्येक पिढ्या रिकामी असलेली जागा भरली होती. सगळ्यांनी मिसेस डेकिनला रांगेत पुढे जाऊ दिलं. त्या रविवारी चर्चमध्ये तिला दुसऱ्या ओळीत, खांबाची अडचण नसलेली जागा मिळाली. लोक तिच्याकडे ओटची धिरडी घेऊन जायचे आणि बिलची चौकशी करायचे. ती थोडं थोडं सांगायची. बिल उंच आहे. बिलला व्हिनेगरमधलं बीट अजिबात आवडत नाही. लहानपणी त्याला थंडी फार वाजायची. एप्रिल येईपर्यंत तो जहाजावर नोकरीला लागला होता. मे महिन्यात त्याला बढती मिळाली. गावात सगळ्यांना आनंद झाला.

आणि ढग आला. पहिल्या आठवड्यात तो उशीएवढा होता आणि तिच्या धुराड्याला टेकून असायचा, दार उघडायची वाट बघणाऱ्या मांजरासारखा. मग तो वाढला. वारा कुठलाही असो, तो तिथून हलायचा नाही. सकाळी राखाडी, दुपारी जांभळा. संध्याकाळी त्याच्या पोटाखालून उजेड यायचा आणि टेकडीवरचं ते घर पाण्याच्या तळाशी असल्यासारखं दिसायचं. कधी तिच्या अंगणात बारीक पाऊस पडायचा आणि कुंपणाच्या अलीकडे गवत कोरडं असायचं. तिचे धुतलेले कपडे कधी वाळायचे नाहीत. तिची तक्रार नव्हती. ती दोरीवर ओल्या चादरी घालायची, त्यांच्यामधून फिरायची, आणि संध्याकाळी त्या ओल्याच आत न्यायची.

कोणालाही यात काही विचित्र वाटलं नाही. म्हणतच होतो आम्ही, बिलच्या आईकडे काळं असतं म्हणून.

अडचण आली ती जूनमध्ये, विहीर सजवताना.

गावच्या विहिरीला दरवर्षी आम्ही फुलांचं चित्र वाहतो. मोठ्या लाकडी फळ्या असतात, त्यांना शेकडो खिळे ठोकलेले. त्या आधी तळ्यात भिजत घालायच्या. मग चिकणमातीत मीठ आणि पाणी घालून ती अनवाणी पायांनी तुडवायची, लोण्यासारखी होईपर्यंत, आणि फळ्यांवर थापायची. त्यावर चित्राच्या रेषा आल्डरच्या झाडाच्या काळ्या बोंडांनी काढायच्या आणि मधलं सगळं पाकळ्यांनी भरायचं. एकेक पाकळी, खालून वर, कौलांसारखी एकीवर एक, म्हणजे पाऊस आला तरी ओघळून जातो. भिंतीला दगडफूल, कातडीला कॉफीच्या बिया, आभाळाला हायड्रेंजियाची निळी फुलं. चित्र आठवडाभर टिकतं. मग सुकून पडतं, आणि आम्ही पुढच्या वर्षीच्या चित्रावरून भांडायला लागतो.

यंदाचं चित्र होतं जगबुडीचं. नोहाचं जहाज, त्यातली जनावरं, खाली पाणी, वर काळं आभाळ. या चित्राच्या समितीची प्रमुख म्हणजे आमची आई. आणि समितीचा निर्णय असा झाला की जगबुडीला पाऊस नको. साधी सर पाकळ्यांवरून ओघळते, पण मिसेस डेकिनचा ढग आता चर्चएवढा झाला होता. तो मध्येच उतरला तर नोहा वाहून जाईल, आणि ते बरं दिसणार नाही.

तिला जाऊन सांगायला आई, जेथ्रो आणि मी असे तिघे गेलो. तिने चहा केला. आम्ही आधी चहाबद्दल बोललो, मग कपांबद्दल, मग चहाबद्दल पुन्हा. शेवटी आईने सांगितलं की विहिरीच्या दिवसांपुरता ढग जरा लांब नेता आला तर गाव आभारी राहील.

"ढगाने जायचं की मी?" मिसेस डेकिनने विचारलं.

"तुम्हाला जे सोयीचं असेल ते, बदका," आई म्हणाली.

ती काही वेळ खिडकीतून चादरी बघत बसली. मग वर जाऊन बॅग भरून आली. जिन्यावरून ती बॅग घेऊन उतरताना मला पहिल्यांदा जाणवलं की हिच्या घराला जिना आहे.

पुढच्या सकाळी मी तिला पबच्या व्हॅनमधून मॅकल्सफील्डच्या बाजूला भाड्याच्या खोलीवर सोडायला निघालो. गावातून जाऊ नका, पाठीमागून वळसा घालून जा, असं समितीने बजावलं होतं. ढगाने आधी थोडा विचार केला. मग तो धुराड्यावरून उठला आणि आमच्या मागे यायला लागला, दगडी कुंपणांवर सावली ओढत. मेंढरं एकेक करून राखाडी व्हायची आणि पुन्हा पांढरी. व्हॅनच्या टपावर बारीक टपटप चालू होती. बाकी सगळ्या डोंगरांवर ऊन होतं.

मी वेळ जावा म्हणून विचारलं की विहिरीच्या समारंभाला बिलला सुट्टी मिळेल का.

"बिल नाही," ती म्हणाली. "कधी नव्हताच. मला मूलबाळ झालं नाही, सेथ."

मी वायपर लावले. काहीतरी करायला हवं होतं.

ती म्हणाली की तिला खोटं बोलायचं नव्हतं. पण बासष्टाव्या वर्षापर्यंत तिला कोणी कधी कोणाची आई आहेस का असं विचारलंच नव्हतं. आणि तुझ्या आईने तर विचारलंही नाही, सांगितलंच. दुकानात सगळे इतक्या आशेने बघत होते की नाही म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं. आता गावाला कळलं तर ती परत नुसती मिसेस डेकिन होईल. ते तिने आधी खूप वर्षं केलेलं आहे, म्हणाली, आणि त्यात करण्यासारखं काही राहिलेलं नाही.

"पण मग ढग?" मी विचारलं.

"त्याला कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

मी तिला सोडलं. खोली बरी होती. खिडकीखाली सायकलींचं दुकान होतं. ढग छपरावर बसला, आणि सायकलवाल्याने बाहेरच्या सायकली आत घेतल्या.

विनलोत ऊन पडलं. आधी सगळे खूश होते. आई बाह्या सरसावून मातीत उतरली, जेथ्रोने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि आम्ही पबमागच्या शेडमध्ये फळ्या थापल्या. पाकळ्या बसायला लागल्या. पण ऊन थांबेना. असं ऊन आमच्याकडे पडत नाही, ते वाट चुकून आल्यासारखं होतं. हवेत धूळ तरंगायची, दुपारी चर्चचं घड्याळही मंद चालायचं, माळावरचे कर्ल्यू पक्षी हाक अर्धी सोडून द्यायचे. आम्ही फळ्यांवर ओली पोती टाकली, दारं लावून घेतली, तळ्याचं पाणी शिंपडलं. तरी माती आक्रसायला लागली. एका सकाळी पाहिलं तर नोहा आणि जहाज यांच्यामध्ये बोट जाईल एवढी भेग. दुपारपर्यंत हत्तीचं डोकं जिराफाच्या बाजूला गेलं होतं.

दुसरी अडचण आणखी मोठी होती. कोणाला बोलायला काही सुचेना. आमच्याकडे कुठलंही बोलणं पश्चिमेकडे बघून सुरू होतं. आता तिकडे बघावं तर नुसतं निळं. माणसं एकमेकांसमोर उभी राहायची, टोपी सारखी करायची आणि निघून जायची. बसच्या थांब्यावर तर एका भल्या माणसाने, दुसरं काहीच न सुचल्यामुळे, शेजारणीला आपल्या लग्नाबद्दल खरं खरं सांगितलं. गावात घबराट पसरली.

समिती बसली. मिसेस डेकिनला परत आणायचं ठरलं. आईनेच फोन केला. आपलं चुकलं हे तिने मान्य केलं, म्हणजे 'गैरसमज झाला असावा' असं ती म्हणाली, आणि आमच्या घरात तो माफीनामाच धरतात. मग तिला वाटलं की एवढ्यावर भागणार नाही, काहीतरी मानाचं द्यायला हवं. म्हणून तिने सांगितलं की यंदा विहिरीचं उद्घाटन बिलच्याच हातून करू. त्याला घेऊनच या. सगळं गाव त्याला बघायला उत्सुक आहे.

मिसेस डेकिन म्हणाली की इथली खोली फार चांगली आहे, खाली सायकली आहेत, आणि ती आता इथेच राहील.

फोन ठेवून आई खुर्चीत बसली. तिला कळेना की मानाने बोलावलं तर बाई उलट दूर का गेली. मला कळत होतं. समारंभ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता. बिलशिवाय ती येणार नव्हती, ती आल्याशिवाय ढग येणार नव्हता, आणि बिल नव्हता. मी ग्लास धुतले. सगळे धुवून झाल्यावर त्यातले काही परत धुतले. मग सकाळी व्हॅन काढली.

मॅकल्सफील्डच्या अलीकडेच टपावर टपटप सुरू झाली. सायकलवाला दुकान बंद करून पायरीवर बसला होता, गिऱ्हाईकं कायमची सोडून गेल्यासारखा. मी वर जाऊन दार वाजवलं. तिने दार उघडलं. हातात इस्त्री होती. मी वाटेत पुष्कळ काही ठरवलं होतं, ते सगळं जिन्यातच राहिलं.

"आई," मी म्हणालो, "चल घरी."

तिने इस्त्री उभी करून ठेवली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. वरपासून खालपर्यंत फारसं अंतर नाही, मी माझ्या आईकडच्यांवर गेलोय.

"बिल उंच आहे," ती म्हणाली.

मी म्हणालो की जहाजावर छत खाली असतं, माणूस दबतो.

"बीट?"

मला व्हिनेगरमधलं बीट जगात सगळ्यात जास्त आवडतं. मी म्हणालो, "शिवत नाही."

ती पाठ फिरवून बराच वेळ शर्टाची घडी घालत राहिली. तो कोणाचा शर्ट होता कोण जाणे. मग म्हणाली की गावातली पोरंसोरंही तुला चांगली ओळखतात. खाली उतरल्या उतरल्या हसतील. आणि तुझी आई तर तिथेच असेल, सगळ्यांच्या पुढे. मी म्हणालो, हो, ते मलाही सुचलं होतं. पुढचं मला सुचलं नव्हतं. तरी तिने बॅग भरली.

परतताना आम्ही वळसा घातला नाही. ढग डोक्यावर घेऊन सरळ गावातून आलो. विहिरीपाशी सगळे जमले होते. मागे फळ्या, फळ्यांवर भेगाळलेली जगबुडी, आणि सगळ्यांच्या पुढे आई, रविवारचा कोट घालून. मी व्हॅन थांबवली. मिसेस डेकिनने दाराची मूठ इतकी घट्ट धरली होती की मलाच पलीकडून येऊन दार उघडावं लागलं. तिला हात धरून उतरवलं. आणि आम्ही दोघं उभे राहिलो.

जेथ्रोने तोंड उघडलं आणि मिटलं. आईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हाताकडे, तो जिच्या हातात होता तिच्याकडे. मला अंघोळ घातलेली बाई ती. तिला सगळं कळलेलं मी पाहिलं. दुकानातली ती सकाळसुद्धा. वर ढग अजून ठरवत होता.

आई पुढे आली. माझी कॉलर सारखी केली.

"बिल, बदका," ती म्हणाली, "उशीर केलास. तुझी आई वाट बघून थकली असेल."

मग जेथ्रो म्हणाला की जहाज तुला मानवलेलं दिसतंय, आणि कोणीतरी विचारलं की समुद्र कसा होता. मी म्हणालो, ओला. गावाला ते पटलं.

तेवढ्यात पाऊस आला. मोठा नाही, बारीक, पिठासारखा. तो फळ्यांवर बसला, मातीत मुरला, आणि आमच्या डोळ्यांदेखत भेगा हळूहळू मिटायला लागल्या. हत्तीचं डोकं हत्तीकडे परत आलं. पाकळ्यांवरून पाणी एका कौलावरून दुसऱ्या कौलावर उतरत गेलं आणि चित्रातलं पाणी हलल्यासारखं दिसलं. विहिरीचं उद्घाटन मी केलं. काय बोललो आठवत नाही. लोक म्हणाले, जहाजावरच्या माणसाच्या मानाने बरं बोलला.

नंतर सगळे मिसेस डेकिनला पोचवायला टेकडीवर गेले. घरात जाऊन कोणी चूल पेटवली, कोणी धिरडी गरम केली. मला मात्र आई दिसेना. शोधत मागच्या खोलीत गेलो, तर ती जिन्याच्या पायथ्याशी उभी होती. एकटीच, कठड्यावर हात ठेवून. वरच्या अंधाराकडे बघत होती. नेहमीचं वाक्य मात्र तिने उच्चारलं नाही. कोट ओला होता. बऱ्याच वेळाने तिने कठड्यावर दोनदा थोपटलं आणि वळली.

"रविवारी इकडे जेवत जा," ती म्हणाली. "गुरुवारी माझ्याकडे स्ट्यू असतो. गुरुवारी तू सेथ."

तेव्हापासून तसंच चाललंय. रविवारी मी टेकडीवर जातो. मिसेस डेकिन माझ्यासमोर बीटची बरणी कधीच ठेवत नाही. ती स्वतः खाते, माझ्यासमोर, आणि मी दुसरीकडे बघतो. गावात अजूनही म्हणतात, बिलच्या आईकडे काळं झालंय. सगळे आपापल्या दोऱ्यांकडे धावतात. मी ग्लास तसेच ठेवतो, टेकडी चढून जातो, आणि तिच्या ओल्या चादरी आत घ्यायला लागतो. त्या वाळलेल्या कधीच नसतात. पण त्या आत घ्यायला कोणीतरी आलेलं तिला आवडतं. जेथ्रो पगार कापत नाही, म्हणतो, बिलसारख्याचा कसा कापणार.